रणजीला हवी एक ढाल

२०२५च्या जानेवारीत मायदेशी सगळ्यांना एकदम रणजी करंडकाची आठवण झाली. ऑस्ट्रेलियातली कसोटी मालिका गमावून भारतीय संघ परतला होता आणि क्रिकेट मंडळाने खेळाडूंना बजावलं होतं, मोकळे असाल तेव्हा आपापल्या राज्याकडून खेळा. रोहित शर्मा मुंबईकडून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर उतरला, विराट कोहली दिल्लीकडून. दिल्लीत सकाळपासून रांगा लागल्या. हिमांशू सांगवानने कोहलीचा सहा धावांवर त्रिफळा उडवला आणि बघता बघता स्टँड रिकामे होऊ लागले. सामना पुढे चालू राहिला, दिल्लीने तो डावाने जिंकलाही. त्याच्या आदल्या आठवड्यात जम्मू-काश्मीरने गतविजेत्या मुंबईला तिच्याच मैदानावर पाच गडी राखून हरवलं होतं. माझ्या मते त्या पंधरवड्यातली सर्वांत मोठी बातमी तीच होती. तिच्यावर मात्र फारसं कुणी बोललं नाही; रोहितने किती धावा केल्या यावरच चर्चा झडली.

नागपूरचा माझा चुलतभाऊ फोनवर म्हणाला, "ताई, कोण पाहून राहिलं रणजी? आयपीएलच्या पैशावर चालू आहे म्हणून चालू आहे. अडतीस संघ कशाला पाहिजेत? दहा ठेवा, बाकीचे बंद करा." दुसरीकडे माझ्या वडिलांच्या पिढीतले लोक सांगतात की सगळ्या मोठ्या खेळाडूंना सक्तीने रणजी खेळवा, म्हणजे गर्दी येईल. वाद या दोन टोकांमध्ये फिरतो आहे. दोन्ही बाजूंचं एक गृहीतक मात्र सारखंच आहे : प्रांताचा संघ म्हणजे देशाच्या संघाची रोपवाटिका. मग रोपं पुरेशी निघत नसतील तर वाफे कमी करा, किंवा मोठी झाडं चार दिवस वाफ्यात आणून लावा.

मी न्यूझीलंडमध्ये हॉक्स बे नावाच्या प्रांतात राहते. हा सफरचंदांच्या बागांचा आणि द्राक्षमळ्यांचा मुलूख, नेपियर आणि हेस्टिंग्ज ही त्याची दोन जुळी शहरं. इथे येईपर्यंत रग्बी मी कधी धड पाहिली नव्हती. इथल्या प्रांतिक रग्बी स्पर्धेचा २०२० सालचा मोसम पाहिल्यावर मात्र रणजीकडे बघण्याची माझी नजर बदलली, आणि त्यासाठीच हे लिहिते आहे.

आधी थोडी ओळख. न्यूझीलंडची रग्बी संघटना सव्वीस प्रांतिक संघटनांची मिळून बनली आहे. त्यांतल्या चौदा मोठ्या संघटना राष्ट्रीय प्रांतिक अजिंक्यपद स्पर्धा खेळतात. उरलेल्या बारा छोट्या, संपूर्ण हौशी संघटनांची हार्टलँड नावाची वेगळी स्पर्धा असते. मुख्य स्पर्धा १९७६मध्ये सुरू झाली. प्रायोजक बदलला की तिचं नाव बदलतं. २०२०मध्ये ती माइटर टेन कप होती. त्या वेळी चौदा संघ सात-सातच्या दोन गटांत खेळत. वरचा गट प्रीमियरशिप, खालचा चॅम्पियनशिप. खालचा विजेता वर चढायचा, वरचा तळाचा संघ खाली उतरायचा.

या स्पर्धेलाही तिची आयपीएल भेटली आहे. १९९५मध्ये रग्बी व्यावसायिक झाली, १९९६मध्ये सुपर रग्बी आली, न्यूझीलंडचे पाच फ्रँचायझी संघ उभे राहिले, आणि ऑल ब्लॅक्सचे, म्हणजे राष्ट्रीय संघाचे, तारे हळूहळू प्रांतिक मैदानांवरून दिसेनासे झाले. टीव्हीचा पैसा तिकडे गेला, प्रेक्षकही गेले. ऑकलंडच्या अवाढव्य ईडन पार्कवर प्रांतिक सामन्याला तुरळक माणसं बसलेली दिसतात तेव्हा मला वानखेडेवरचा रणजीचा मंगळवार आठवतो. म्हणजे इथे सगळं छान चाललं आहे आणि आपल्याकडे वाईट, असं मी मुळीच म्हणत नाही. प्रांतिक संघटना इथेही कर्जात बुडतात, जुगार-यंत्रांच्या न्यासांकडून मिळणाऱ्या अनुदानावर तग धरतात, आणि ही स्पर्धा परवडत नाही असं राष्ट्रीय संघटनेतले जाणते लोक अधूनमधून बोलून दाखवतात.

तरीही २०२०चा मोसम झाला. त्या मार्चमध्ये देशाच्या सीमा बंद झाल्या, टाळेबंदी लागली, संघटनेचं उत्पन्न कोसळलं, कर्मचाऱ्यांत मोठी कपात झाली. ऑगस्टमध्ये ऑकलंडमध्ये पुन्हा रुग्ण सापडले. स्पर्धा ११ सप्टेंबरला सुरू झाली तेव्हा मैदानं प्रेक्षकांविना होती. नंतर ऑकलंडबाहेरचे निर्बंध उठले आणि लोक आले. आंतरराष्ट्रीय सामने लांबले होते, त्यामुळे ऑल ब्लॅक्सचे खेळाडूही पहिल्या एकदोन फेऱ्यांत आपापल्या प्रांताकडून खेळले. मग ते राष्ट्रीय शिबिराला निघून गेले. गर्दी त्यांच्याबरोबर गेली नाही, आणि मोसमाला खरा रंग त्यानंतर चढला. त्याचं कारण रॅनफर्ली ढाल.

या ढालीबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे, कारण आपल्याकडे हिच्यासारखं काही नाही. लॉर्ड रॅनफर्ली हे न्यूझीलंडचे तेव्हाचे गव्हर्नर. त्यांनी दिलेली ढाल १९०२मध्ये ऑकलंडच्या हाती सोपवली गेली, कारण तोवरची त्यांची कामगिरी सर्वांत चांगली होती. ती मुळात फुटबॉलसाठी बनवलेली होती; मधल्या चित्रातल्या गोलाला रग्बीचे खांब जोडून वेळ मारून नेली. पहिलं आव्हान १९०४मध्ये वेलिंग्टनने दिलं आणि ६-३ने जिंकून ढाल घरी नेली. तेव्हापासून नियम साधा आहे. ढाल ज्याच्याकडे, त्याने ती आपल्या घरच्या मैदानावर राखायची. साखळीतला प्रत्येक घरचा सामना हे आपोआप आव्हान. पाहुणा जिंकला तर त्याच रात्री ढाल त्याच्या बसमध्ये. बरोबरी झाली तर राखणाऱ्याचीच. मोसमाच्या सुरुवातीला हार्टलँडच्या छोट्या संघांनाही आव्हानाची संधी मिळते. ती आव्हानं सोडली तर यासाठी वेगळी स्पर्धा नाही, जादा सामने नाहीत, वेगळा खर्च नाही. जे सामने होणारच आहेत त्यांच्यावरच ही ढाल ठेवलेली आहे. ऑकलंडने १९८५ ते १९९३ या काळात ती सलग एकसष्ट वेळा राखली. ओटागोला ती १९५७नंतर थेट २०१३मध्ये मिळाली, आणि दोन आठवडेही टिकली नाही. गुणतक्त्यात तळाला असलेला संघही एका शनिवारच्या ऐंशी मिनिटांत आख्ख्या देशाचा मान पटकावू शकतो.

२०२०मध्ये ही ढाल कुणाच्याच घरी स्थिर बसेना. सप्टेंबरच्या मध्यात खालच्या गटातल्या तारानाकीने वरच्या गटातल्या कॅन्टरबरीकडून ती २३-२२ अशी एका गुणाने जिंकली. तारानाकीचं मोठं स्टेडियम भूकंपरोधक दुरुस्तीसाठी बंद होतं, म्हणून ढालीची राखण इंगलवूड या छोट्याशा गावातल्या मैदानावर झाली. तिथे ओटागोने ३०-१९ने ती नेली. ऑक्टोबरमध्ये आमचा हॉक्स बे ओटागोच्या घरी, ड्युनेडिनला गेला आणि २८-९ने ती घेऊन आला. महिनाही झाला नव्हता आणि ढालीने चौथं घर पाहिलं. कर्णधार अ‍ॅश डिक्सन. पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचे सदरे, म्हणून या संघाला मॅग्पाइज म्हणतात. ढाल शाळांमध्ये फिरली, वृद्धाश्रमात गेली, क्लबांच्या बारमध्ये गेली. लोक लाकडाला हात लावून पाहत होते. आमच्या शेजारचे आजोबा बागायतदार. त्यांनी मला १९६०च्या दशकातल्या हॉक्स बेच्या ढाल-पर्वाच्या गोष्टी सांगितल्या आणि त्यांच्या वडिलांनी सांगितलेल्या १९२०च्या दशकातल्याही, जॉर्ज निपिया आणि मॉरिस ब्राउनली यांच्या. नेपियरचं शहर १९३१च्या भूकंपात जमीनदोस्त झालं, पण त्या गोष्टी टिकल्या.

हॉक्स बेने उरलेला मोसम ढाल घरी राखली. नोव्हेंबरच्या अखेरीस नेपियरच्या मॅक्लीन पार्कवर नॉर्थलँडला ३६-२४ने हरवून खालच्या गटाचं विजेतेपद मिळवलं आणि वरच्या गटात चढाई केली. आपल्या क्रिकेटप्रेमींना हे मैदान ठाऊक असेल : २०१९च्या जानेवारीत भारताचा एकदिवसीय सामना मावळतीचं ऊन फलंदाजांच्या डोळ्यांत येतं म्हणून थांबवावा लागला, तेच हे मॅक्लीन पार्क. वरच्या गटाची अंतिम लढत ईडन पार्कवर झाली. टास्मनने ऑकलंडला १३-१२ने हरवलं. सलग दुसरं विजेतेपद.

टास्मन आणि नॉर्थलँड ही दोन नावं लक्षात ठेवा. टास्मन हा २००६मध्ये नेल्सन बेज आणि मार्लबरो या दोन लहान संघटना एकत्र करून उभा केलेला प्रांत. न्यूझीलंडमधला रग्बीचा पहिला सामना १८७०मध्ये नेल्सनलाच झाला होता. पण २००८मध्ये राष्ट्रीय संघटनेने हिशेब मांडला आणि जाहीर केलं की टास्मन आणि नॉर्थलँड यांना मुख्य स्पर्धेतून वगळायचं. कारणं आपल्या ओळखीचीच : लोकसंख्या कमी, पैसा कमी, संघ जास्त झाले. दोन्हीकडे लोक खवळले आणि काही आठवड्यांत निर्णय मागे घ्यावा लागला. बारा वर्षांनी एक संघ देशाचा विजेता होता आणि दुसरा खालच्या गटाच्या अंतिम सामन्यात. त्या दिवशी हिशेबाप्रमाणे झालं असतं तर २०२०च्या दोन्ही अंतिम लढतींतली एकेक बाजू अस्तित्वातच नसती.

मी मूळची अमरावतीची आहे. त्यामुळे हे वाचताना विदर्भ आठवल्यावाचून कसा राहील? क्रिकेट मंडळाच्या कारभारात सुधारणा सुचवणाऱ्या लोढा समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये स्वीकारल्या, त्यात एक राज्य एक मत असा नियम होता. कागदावर तो अगदी न्याय्य दिसतो. महाराष्ट्रात मात्र मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन संघटना. त्यांनी मत आळीपाळीने वापरायचं ठरलं. "एका राज्याला तीन संघ कशाला?" हे मी तेव्हा पुण्या-मुंबईतल्या शिकलेल्या माणसांकडूनही ऐकलं. त्याच काळात, २०१८च्या १ जानेवारीला, फैज फझलच्या विदर्भाने इंदूरला दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली. रजनीश गुरबानीची हॅटट्रिक त्याच सामन्यातली. त्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने तिन्ही संघटनांचं पूर्ण सदस्यत्व परत दिलं. पुढच्या वर्षी विदर्भाने पुन्हा करंडक जिंकला, आणि २०२४-२५मध्ये तिसऱ्यांदा. त्या मोसमात हर्ष दुबेने ६९ बळी घेतले, रणजीच्या एका मोसमातला विक्रम. खापरखेड्याचा उमेश यादव २०११मध्ये विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला, तोवर आमच्याकडच्या मुलांना वाटायचं की क्रिकेट ही पलीकडच्या लोकांची गोष्ट. दहाच संघ ठेवा म्हणणाऱ्या माझ्या भावाला मी एवढंच विचारलं, "बाबू, १९९०च्या हिशेबाने दहा ठेवले असते, तर त्यात विदर्भ असता का?" तो गप्प बसला नाही, वऱ्हाडी माणूस आहे; पण नंतर बोलला तो विदर्भाच्या बाजूनेच.

आता २०२०चीच आपली बाजू. रणजी करंडक १९३४-३५मध्ये सुरू झाला, दुसऱ्या महायुद्धातही त्यात खंड पडला नाही. २०२०-२१चा मोसम मात्र झालाच नाही. त्या वर्षी आयपीएल संयुक्त अरब अमिरातीत सप्टेंबर ते नोव्हेंबर अशी पूर्ण झाली, नंतर देशांतर्गत टी-ट्वेंटी आणि एकदिवसीय स्पर्धाही झाल्या. चार दिवसांच्या क्रिकेटला जागा उरली नाही. मला दोन्ही देशांची सरळ तुलना करायची नाही. पन्नास लाखांचं बेट आणि महासाथीत होरपळणारा भारत यांत फरक आहे. अडतीस संघांना दोन महिने बंदिस्त ठेवणं अवघड होतं, आणि मंडळाने राज्य संघटनांचं मतही विचारलं होतं. इथेही तोच कठोरपणा तळाला झालाच : त्या वर्षीची हार्टलँड स्पर्धा रद्द झाली, म्हणजे सर्वांत छोटे बारा संघ घरी बसले. ते मला आजही पटत नाही.

पण एक फरक उरतोच आणि तो टाळता येत नाही. इथे पैसा नसताना मुख्य प्रांतिक स्पर्धा वाचवली गेली, महिलांची प्रांतिक स्पर्धाही झाली. आपल्याकडे पैशाची चणचण नव्हती. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले. घरी बसलेल्या रणजीपटूंना मंडळाने २०२१च्या सप्टेंबरमध्ये आधीच्या मोसमाच्या मानधनाच्या निम्मी भरपाई जाहीर केली आणि मानधन वाढवलंही. चांगलं केलं. पण तेवीस-चोवीस वर्षांच्या गोलंदाजाचं गेलेलं वर्ष कोण भरून देणार? आणि रणजी झाली नाही म्हणून त्या हिवाळ्यात अकोल्यात, नाशकात, कोल्हापुरात कुणाला चुकल्यासारखं वाटलं का? मला वाटतं, फार थोड्यांना. मंडळाच्या निर्णयापेक्षा हे जास्त काळजीचं आहे. हॉक्स बेचा मोसम रद्द झाला असता तर आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, त्याचं काय गेलं ते तो सांगू शकला असता.

हे प्रेम आपोआप येत नाही. रणजीला आपण तिची घरं नीट दिली नाहीत. २०१६-१७चा संपूर्ण मोसम तटस्थ मैदानांवर खेळवला गेला : खेळपट्टीत कुणी लबाडी करू नये म्हणून मुंबईने मुंबईत खेळायचं नाही, विदर्भाने विदर्भात नाही. एका मोसमानंतर तो प्रयोग सोडला हे बरं झालं. पण मुळात तो सुचला कारण निर्णय घेणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे निवड समिती होती, प्रेक्षक नव्हता. सामना कुठे होतो याने ज्याला फरक पडत नाही, त्याच्या लेखी तो फक्त चाचणी परीक्षा असते.

दुसरा वाद बाहेरच्या खेळाडूंचा. विदर्भ जिंकला की लगेच कुणीतरी म्हणतं, त्यात विदर्भाचे किती? वसीम जाफर मुंबईचा, करुण नायर कर्नाटकचा. असल्या हिशेबाचा मला राग येई. इथला इतिहास वाचल्यावर कळलं की हे भांडण जुनं आहे आणि त्यात चुकीचं काही नाही. १९२७मध्ये मास्टरटन या गावी हॉक्स बेने वैरारापा प्रांताला २१-१०ने हरवून ढाल जिंकली, दोन खेळाडू मारामारीसाठी मैदानाबाहेर गेले, आणि मग वैरारापाने तक्रार केली की हॉक्स बेचा वॅटी बार्कली प्रांतात नियमाइतके दिवस राहिलेला नाही. ढाल परत द्यावी लागली. आमच्या शेजारच्या आजोबांना तो निकाल आजही मान्य नाही, आणि तेव्हा ते जन्मलेलेही नव्हते. माणसं अशी भांडतात तेव्हाच संघ त्यांचा असतो. आज याच संघात टोंगा, सामोआ, फिजीची मुलं आहेत, माओरी मुलं आहेत. हंगामात सफरचंद तोडायला आलेल्या मजुरांच्या नात्यातली पोरं शनिवारी क्लबाकडून खेळतात. त्यांना कुणी बाहेरचं म्हणत नाही. जाफर नागपुरात धावा करून विदर्भाचा झाला तो असाच, आणि त्याला आपला म्हणण्यात कमीपणा कसला?

माझ्यासारखीला हे जास्त जाणवतं. काळ्या जर्सीतला राष्ट्रीय संघ मला आवडतो, पण भारताचा क्रिकेट संघ इथे येतो तेव्हा मी निळ्याच बाजूला असते आणि हे शेजाऱ्यांना ठाऊक आहे. हॉक्स बेच्या बाबतीत असा पेच पडतच नाही. मी इथे राहते, माझी मुलगी इथल्या क्लबात खेळते, एवढं पुरतं. मराठी माणूस मुंबईत बाहेरचा की आतला, पुण्यात कोण मूळचा, यावर मायदेशी रोज आवाज चढतात. प्रांताचा संघ हा त्या वादात नवख्याला आत घेणारा सर्वांत सोपा दरवाजा आहे, आणि तोच आपण अर्धवट लोटून ठेवला आहे.

रग्बी भारतातही वाढते आहे. २०२५च्या जूनमध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली, सहा संघ उतरले, बहुतेक शहरांच्या नावांचे. खेळाडूंना पैसे मिळाले, याचा आनंदच आहे. पण तिथेही शहराचं नाव आधी आलं, त्या शहरातली माणसं मागाहून यायची आहेत.

तारे सक्तीने आणून रणजी उभी राहणार नाही, संघ छाटूनही नाही. मला सुचतो तो उपाय स्वस्त आहे : रणजीला एक आव्हानाची ढाल द्या. ज्याच्याकडे ढाल, त्याचा साखळीतला प्रत्येक घरचा सामना हे आव्हान. साखळीच्या वेळापत्रकात एकही सामना वाढत नाही. ही ढाल २०२५च्या जानेवारीत मुंबईकडे असती, तर रोहितच्या धावा विसरून सगळा देश जम्मूकडे निघालेली बस पाहत बसला असता. ढाल राखणाऱ्या संघटनेने दर मोसमात आपला एकतरी सामना मुख्य शहराबाहेर खेळवावा : विदर्भाने अमरावती किंवा अकोल्यात, महाराष्ट्राने नाशकात किंवा सोलापुरात. प्लेट या रणजीच्या खालच्या गटातल्या एका संघाला, ईशान्येकडच्या एखाद्या राज्याला, मोसमाच्या सुरुवातीला एक आव्हान राखून ठेवावं.

क्रिकेटमध्ये अनिर्णित सामन्यातल्या पहिल्या डावाच्या आघाडीचा घोळ आहे, त्याचा नियम आधीच पक्का करावा लागेल. आघाडीवर ढाल देऊ नये. पाहुण्याने निर्णायक विजय मिळवला तरच ती जावी, नाहीतर जिथे आहे तिथेच राहावी. म्हणजे चौथ्या दिवशी दुपारी, सामना अनिर्णित दिसत असताना, पाहुण्या कर्णधाराला डाव घोषित करून जिंकायला जावंच लागेल आणि यजमानांचा शेवटचा गडी अंधार पडेपर्यंत चेंडू अडवत उभा राहील. सुरुवात कुणापासून करायची यावर मुंबई आणि नागपूर यांच्यात नक्कीच जुंपेल. बेचाळीस विजेतेपदांचा दाखला एका बाजूने येईल, अलीकडच्या तिनांचा दुसऱ्या बाजूने. १९०२चा नियम लावला तर ढाल मुंबईला जाते. मला चालेल, मात्र पहिलं आव्हान विदर्भाचं हवं.